हं, परत घ्या

आमचं घर म्हणजे पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका मळ्यावरची मोटरीची खोली. एका भागात पाण्याची मोटर, दुसऱ्या भागात आम्ही पाच माणसं, आणि मधली विटांची भिंत वरपर्यंत गेलेलीच नव्हती. वडील वाशीमकडून आले ते या मळ्यावर उसाला पाणी द्यायला. मालकाने राहायला दिली ती ही जागा. मोटर चालू असली की आमचं सगळं बोलणं ओरडून चालायचं, आणि बंद असली तरी सवयीने ओरडूनच. आई भाकरी झाली म्हणून हाक मारायची तेव्हा पलीकडच्या बांधावरचे लोकसुद्धा हात धुवायला उठत असतील. पावसाळ्यात जमीन ओली झाली की मोटरीच्या पत्र्याला हात लावायची भीती वाटायची, म्हणून आई धाकट्या दोघांना पायाला दोरी बांधून खाटेवर बसवायची.

मोटरीला लागणारी थ्री फेज लाईट कधी येईल याचा नेम नसे. आली की शिवारभर एकच हाळी जायची, "लाईट आलीऽऽ!" ती ऐकली की वडील हातातला घास ताटात टाकून उठत. मी अभ्यास केला तो त्या भिंतीला पाठ लावून. मोटर चालू झाली की पाठीत थरथर यायची. तसाच शिकलो आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. हे मी अजूनही सांगतो, आणि तेव्हा तर भेटेल त्याला सांगायचो.

रिसबुडांनाही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तेव्हा मी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. शेजारच्या खुर्चीवर निखिल बसायचा. तो गिटार वाजवायचा, त्याचा मित्र प्रशांत ड्रम वाजवायचा, आणि मी ओरडायचो. ओरडणं मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मोटरीने शिकवलं होतं. तिघे होतो म्हणून बँडचं नाव ठेवलं थ्री फेज. एक गाणं मी लिहिलं होतं, "लाईट आली" म्हणून. मराठीत, आणि हार्ड रॉक. त्या एकाच गाण्याची सीडी काढायची असं ठरलं. निखिलची आत्या नारायण पेठेत राहायची. ती म्हणाली, आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर रिसबूड म्हणून आहेत, ते रेकॉर्डिंग करतात.

दारावर पाटी होती : 'आत बोलू नये. बाहेर बोलून यावे.'

रिसबूड साठीचे असतील. बारीक, अनवाणी, धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा. गणपतीच्या हलत्या देखाव्यांची निवेदनं रेकॉर्ड करायचं काम त्यांच्याकडे असे. 'आणि मग महाराजांनी तलवार उपसली' वगैरे. शिवाय शाळांच्या प्रार्थना, पाठांतराच्या कॅसेटी. आम्ही हार्ड रॉक म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे काय असतं त्यात?"

"जोरात असतं सर," मी म्हणालो.

"जोरात तर खालचा भंगारवालाही असतो. गाणं कुठे असतं ते सांगा."

मी जरा चिडून म्हणालो, मी बी.एस्सी. आहे, फिजिक्सचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर.

"वा. मग आवाज म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेल."

"हवेतली कंपनं."

"ती जरा कमी करा. मी इथेच बसलोय, समोर."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'अहो पदवीधर'. सुरुवातीला राग यायचा. पुढे कळलं की इंगोले हे माझं आडनाव त्यांना नीट पाठ होतं, आणि दुसऱ्यांशी बोलताना ते मला 'आमचे पदवीधर' म्हणायचे.

त्या खोलीचे नियम मी कुठे पाहिले नाहीत. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. मनगटी घड्याळं आणि बांगड्या बाहेरच्या स्टुलावर काढून ठेवायच्या. आत एकही खुर्ची नाही. रिसबूड स्वतः सिमेंटच्या एका ओट्यावर चादरीची घडी टाकून बसायचे. रेकॉर्डिंगचं मशीन पलीकडे काचेमागे होतं, आणि तिथून ते फक्त हाताच्या खुणा करत. तळहात वर म्हणजे थांबा, बोट गोल फिरवलं म्हणजे परत घ्या. मशीन चालू असताना त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. आधी बटण बंद करायचं, मग खोलीत यायचं, मग बोलायचं, हा क्रम. आणि भिंतीवर वहीच्या कागदावर बिल्डिंगीतल्या आवाजांचं वेळापत्रक, सुवाच्य अक्षरात : दहा चाळीस, गोखले, कुकर, तीन शिट्ट्या. अकरा वीसपर्यंत खाली छपाईचा प्रेस. अकरा चाळीसला नळ. सव्वाबाराला शाळा सुटते. या सगळ्याच्या फटींत त्यांची रेकॉर्डिंगं बसायची.

"गोखलेकाकूंनी चौथी शिट्टी दिली तर?" निखिलने एकदा विचारलं.

"देत नाहीत. डाळ कच्ची राहिली तरी देत नाहीत. शेजारधर्म आहे."

पहिल्या तालमीला मी नवा शर्ट घालून गेलो होतो. नोकरी लागल्यावर घेतलेला, कडक इस्त्रीचा, खळ घातलेला. मी तोंड उघडायच्या आत काचेमागचा तळहात वर. रिसबूड आत आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पदवीधर, तुमचा शर्ट गातोय."

"काय?"

"दंड हलवा. ऐकलंत? काढा तो."

मी काढला. आत बनियन होतं, खांद्याजवळ फाटलेलं. शर्ट नवा घेतला होता, बनियन घ्यायचं राहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिसबुडांनी त्या भोकाकडे पाहिलं, स्वतःचा सदरा काढला आणि माझ्या हातात दिला. "हा गप्प बसतो. बारा वर्षं शिकवलंय त्याला." ते स्वतः बनियनवर काचेमागे जाऊन बसले. त्यांचंही फाटलेलंच होतं.

खुर्च्या का नाहीत हे त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी ते एका मोठ्या रेकॉर्डिंगवाल्यांकडे हाताखाली होते. एक म्हाताऱ्या बाई गायला आल्या होत्या. फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या, पण ज्यांना ठाऊक होत्या त्यांनी कान पकडावेत अशा. शेवटच्या आलापात रिसबुडांनी खुर्चीवर मांडी बदलली आणि खुर्ची करकरली. बाई थकल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात परत घेऊ. पुढच्या महिन्यात बाई राहिल्या नाहीत.

"त्यांचं तेवढंच एक गाणं आहे जगात," ते म्हणाले, "आणि त्यात मी आहे."

हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते हे माहीत असताना झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

गाण्यात मोटरीचा खरा आवाज हवा असं माझं म्हणणं. रिसबूड यंत्र खांद्याला लावून दोन बस बदलून मांजरीला आले. वडिलांनी त्यांच्यासाठी खाट झटकली आणि नेहमीच्या पट्टीत विचारलं, "चा घेता का साखरेचा, का गुळाचा?" रिसबूड दचकून एक पाऊल मागे सरले. मग म्हणाले, "पदवीधर, तुमचं गाणं कुठून आलं ते कळलं."

लाईट आली, मोटर सुरू झाली. रिसबूड हेडफोन लावून माईक धरून पुतळ्यासारखे उभे. चांगली दहा मिनिटं. वडील पहिल्यांदाच एवढा वेळ गप्प बसलेले मी पाहिले. मग रिसबुडांनी यंत्र बंद केलं, वडिलांच्या कानाला हेडफोन लावला आणि मोटर त्यांना ऐकवली. वडिलांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे बेरिंग वाजून रायलं ना बाप्पा! इतके दिस मले कसं नाई समजलं?"

रिसबूड माझ्याकडे वळले. "ऐकलंत? फिजिक्स तुम्ही शिकलात. कान यांना आहे."

जाताना वडिलांनी त्यांना विचारलं, तुम्ही मधातच काई बोलले काहून नाई? रिसबूड म्हणाले, "मशीन चालू असताना मी बोलत नाही. ते बोलतंय ते ऐकायचं." वडिलांनी हे लक्षात ठेवलं. आठ दिवसांत बेरिंग बदललं आणि मोटर खरोखर शांत झाली. आम्ही मात्र ओरडतच राहिलो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी प्रेस थांबल्यापासून नळ येईपर्यंतची वीस मिनिटं आमची होती. त्यानंतर एका मंडळाचे कार्यकर्ते निवेदनासाठी येणार होते. गणपतीला दोन महिने उरलेले. आमचे दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्या वेळी माझा माईक जरा सरकवायला हवा होता. रिसबुडांनी, आमची दोन मिनिटं वाचावीत म्हणून, आधी मशीन चालू केलं आणि मग आत आले. इतक्या वर्षांचा क्रम त्यांनी त्या दिवशी उलटा केला, तो आमच्यासाठी. ते माईकपाशी वाकलेले असताना निखिलची तार तुटली. टण्ण! आणि रिसबूड सवयीने म्हणाले, "हं, परत घ्या."

थोडं थकलेलं, थोडं वैतागलेलं, पण माया असलेलं. आपल्या पोराला पाढे म्हणायला लावावेत तसं. निखिलने दुसरी गिटार उचलली, रिसबूड पावलं न वाजवता बाहेर गेले, आणि आम्ही जे वाजवलं तसं पुन्हा कधी आमच्याकडून वाजलं नाही. शेवटचा ठोका विरल्यावर काचेमागे ते उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. ती खूण त्याआधी आम्ही पाहिलेली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी नुसतं ऐकायला म्हणून एक सीडी दिली. वर लिहिलं होतं 'कच्ची'. पंधरा दिवसांनी दुसरी दिली, 'अंतिम'. अंतिमवर गाणं मोटरीच्या आवाजातून सरळ उगवायचं, स्वच्छ. कच्चीवर आधी टण्ण, मग "हं, परत घ्या", मग एक श्वास, आणि मग गिटार अंगावर यायची.

निखिल खुर्चीतून उठून उभा राहिला. "गज्या, हेच! हेच पाहिजे! लोक वेडे होतील!"

"अरे, ती चूक आहे."

"आपल्या ऑफिसात चुकीला काय म्हणतात?"

आमच्याकडे तो विनोदच होता. चूक सापडली आणि दुरुस्त करायला वेळ नसला, की म्हणायचं, ही चूक नाही, ही सोय आहे.

"रिसबुडांना विचारू या," मी म्हणालो.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

"मग विचारायचं कशाला?"

मी हसलो. हे लिहायला नको वाटतं, पण हसलो. सीडी छापायला द्यायला मी गेलो होतो. दोन्ही प्रती माझ्या बॅगेत होत्या. काउंटरवरच्या माणसाने हात पुढे केला आणि मी कच्ची दिली. वेष्टनावर छापलं होतं, 'ध्वनिमुद्रण : म. ग. रिसबूड'. आपण त्यांचा मानच करतोय असं मी मनाशी म्हटलं.

गाणं चाललं, आणि कसं चाललं! एफएमवर दिवसातून चारदा लागायला लागलं. कॉलेजांच्या गॅदरिंगला पोरं गिटारच्या आधी एकसुरात ओरडायची, "हं, परत घ्याऽऽ!" मोबाईलवर कॉलर ट्यून आली, ती तेवढीच, सुरुवातीची. फोन करावा आणि पलीकडून रिसबूड म्हणावेत, परत घ्या. मुंबईहून बोलावणी यायला लागली. गाणं माझं, आवाज माझा, पण लोकांच्या तोंडी होते ते दोन शब्द. ते कुणाचे आहेत हे कुणीच विचारलं नाही.

रिसबुडांनी ते प्रथम ऐकलं भर मांडवात. देखाव्याचा आवाज जुळवायला ते त्यांच्याच गल्लीतल्या मंडळात गेले होते. कार्यकर्त्यांनी मध्ये आमचं गाणं लावलं आणि चार कर्ण्यांतून त्यांचाच आवाज आला. कार्यकर्ते त्यांच्याकडे बघून खो खो हसले. त्यांना वाटलं, काका खूश होतील. मग दहा दिवस देखाव्याचा पडदा अडकला की कुणीतरी म्हणायचंच, "काय रिसबूडकाका, परत घ्यायचं का?"

विसर्जन झाल्यावर ते खराडीला आले. दोन बस बदलून, सदरा तोच. गेटवर त्यांना थांबवून ठेवलं होतं. मी खाली गेलो तर आमच्या ऑफिसातली चार जणं माझ्याबरोबर. एकजण म्हणाला, "हे ते परत घ्यावाले अंकल का? सर, एकदा बोला ना, प्लीज!"

रिसबूड त्याला शांतपणे म्हणाले, "मशीन चालू असल्याशिवाय मी बोलत नाही."

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मला कळलं, पण मीही त्यांच्यात हसलो.

ऑफिसातली ती जणं वर गेल्यावर रिसबुडांनी विचारलं, "अंतिम प्रत दिली होती ना मी तुम्हाला?"

"हो सर."

"नीट वाजत नव्हती?"

"वाजत होती."

"मग?"

"लोकांना हेच आवडलंय सर. तुमच्यामुळेच चाललंय गाणं."

"मी केलेलं आवडलं असतं तर बरं वाटलं असतं. हे मी केलेलं नाही, माझ्याकडून झालेलं आहे." मग म्हणाले, "मांडवातल्या पोरांचं काही नाही. पण दुसरा कुणी रेकॉर्डिंगवाला हे ऐकतो आणि खाली नाव वाचतो. तो काय म्हणेल? म्हातारा मशीन बंद करायला विसरला."

मी गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र उलटसुलट करत राहिलो.

"पदवीधर, पुढच्या छपाईला एक काहीतरी काढा. माझा आवाज काढा. ते जमत नसेल तर माझं नाव काढा."

ते बसस्टॉपकडे गेले. चहा विचारायचंही मला सुचलं नाही.

आम्ही तिघे बसलो. आवाज काढला तर गाण्यातलं गाणंच गेलं असतं, असं निखिल म्हणाला. प्रशांतने मान हलवली. मीही हलवली. पुढच्या छपाईत आम्ही नाव काढलं. एक ओळ खोडायची होती, फोनवर सांगून झालं.

वडिलांनी गाणं रेडिओवर ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "ते रिसबूड मास्तर मधातच बोलून रायले. मशीन चालू असतानी ते बोलत नाईत ना? त्यांले इचारलं व्हतं का तुनं?"

"हो," मी म्हणालो.

वडिलांनी रेडिओ बंद केला. बेरिंग वाजतंय हे एकदा कळल्यावर त्यांना पुन्हा सांगावं लागत नसे.

नंतरच्या गणपतीत त्या मंडळाने देखाव्याचं काम दुसऱ्याला दिलं असं निखिलच्या आत्याने सांगितलं. आमच्यामुळे की संगणकावर घरोघरी रेकॉर्डिंग व्हायला लागलं म्हणून, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. नारायण पेठेतून जायची वेळ आली की मी लांबून वळसा घालायचो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका बसस्टॉपवर. मी सिग्नलला मोटरसायकलवर होतो. ते पत्र्याच्या शेडखाली उभे, हातात भाजीची पिशवी. शेजारी कॉलेजची एक मुलगी. तिचा फोन पर्समध्ये वाजला. तोपर्यंत ते दोन शब्द रिंगटोनमध्येही आले होते. "हं, परत घ्या." रिसबुडांनी चटकन मान वळवली, कुणी हाक मारल्यासारखी. मग त्यांच्या लक्षात आलं. मुलीने फोन शोधायला फार वेळ लावला, आणि ते तिच्या शेजारी स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकत उभे राहिले. शेवटी त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तळहात वर केला. थांबा. तिला वाटलं, ते येणारी बस थांबवतायत. तीही बस शोधायला लागली.

मी दहा हातांवर होतो. हेल्मेट काढलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले आणि मी गेलो.

दोन वर्षांनी आत्याने फोन करून सांगितलं, रिसबूड गेले. खोली रिकामी करताना वेळापत्रकाचा कागद भिंतीवरून निघेना, म्हणून त्याच्यावरूनच रंग दिला म्हणे.

आता आम्ही गात नाही. निखिल परदेशात आहे, प्रशांतचं दुकान आहे. मी अजून चुका शोधतो. आता माझ्या हाताखाली चुका शोधणारी बारा माणसं आहेत, आणि सोयीचा विनोद मी कुणाला करू देत नाही. आई-वडिलांना मांजरीतच घर घेतलं, दोन बेडरूमचं, भिंती वरपर्यंत गेलेल्या. तिथे ते अजून ओरडून बोलतात आणि सोसायटीचे लोक तक्रार करतात.

मागच्या वर्षी घर आवरताना ती दुसरी, 'अंतिम' लिहिलेली सीडी सापडली. निखिलला आणि प्रशांतला विचारलं, दोघे हो म्हणाले, आणि ती आम्ही इंटरनेटवर घातली. फारसं कुणी ऐकत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी विचारलं, ते 'परत घ्या' कुठे गेलं?

वडिलांना हेडफोन लावून ऐकवली. त्यांनी डोळे मिटले, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आता बराबर हाय."

'लाईट आली'ची अंतिम प्रत प्रसिद्ध झाली आहे. तिच्यावर ध्वनिमुद्रक म्हणून म. ग. रिसबूड यांचं नाव आहे. तिच्यात त्यांचा आवाज नाही.